शुद्धिपत्रातील कर्ता : कर्जत-खालापूरच्या बोलीनोंदींचे एक परीक्षण

मराठी ग्रंथाच्या अखेरीस, पुष्कळदा सूचीच्याही मागे, एक पान असते. त्यावर चार रकाने असतात : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. हे पान वाचणारा वाचक विरळा. ते हाताशी ठेवून मूळ ग्रंथात शाईने दुरुस्त्या करून घेणारा त्याहून विरळा. ग्रंथपरीक्षणे लिहिणारेही या पानाकडे सहसा वळत नाहीत. मुद्रणदोष फार राहिले आहेत, असे एक वाक्य शेवटी टाकले की त्यांचे कर्तव्य संपते. वस्तुतः ग्रंथकाराची ज्ञानविषयक वृत्ती प्रस्तावनेपेक्षा या पानावर अधिक स्पष्टपणे उमटलेली असते. प्रस्तावनेतील नम्रता ही रूढी आहे. तेथे 'अल्पमती' म्हणवून घेण्याने कोणाचे काही उणे होत नाही. शुद्धिपत्रात मात्र एकेक चूक तिच्या पृष्ठांकासह सांगावी लागते, आणि ती सांगताना कोणते शब्द योजावयाचे हे ठरवावे लागते.

हे शब्द कोणते असतात? 'अनवधानाने राहून गेले', 'चुकीचे छापले गेले आहे', 'वाचकांनी कृपया असे वाचावे'. या तिन्ही वाक्यांत चूक करणारा कोठेच नाही. पहिल्यात चूक स्वतःच मागे राहिली आहे, जणू गाडी चुकलेला प्रवासी. दुसऱ्यात ती कोणाकडून तरी छापली गेली आहे. आणि तिसऱ्यात तर सारी जबाबदारी वाचकाकडे गेली आहे, कारण 'वाचावे' हे विध्यर्थी क्रियापद त्याला उद्देशून आहे. 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' हे रकान्यांचे मथळेही विचार करण्याजोगे आहेत. माहिती खोटी होती की खरी, हे ते सांगत नाहीत. विटाळ होता तो गेला, एवढेच सांगतात.

प्रश्न केवळ शैलीचा असता तर त्याची चर्चा वैयाकरणांवर सोपवून मोकळे होता आले असते. तथापि ज्या प्रदेशाविषयी थोडेच लिहिले गेले आहे, आणि जे लिहिले गेले तेच पुनःपुन्हा उद्धृत होत आले आहे, अशा प्रदेशाच्या बाबतीत चूक कशी सांगितली जाते याला फार महत्त्व येते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके असा प्रदेश होय. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या मुलखात ठाकर आणि कातकरी या दोन आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. त्यांच्या बोलींविषयी, नावांविषयी आणि स्थानाविषयी जे छापले गेले, ते कसे दुरुस्त झाले वा झाले नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल. त्याआधी चुकीच्या कबुलीचे मराठी व्याकरण थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे.

मराठीत चूक कबूल करण्याच्या निदान पाच रचना आहेत, आणि त्यांतील कर्त्याचे स्थान सारखे नाही. 'मी चुकलो' किंवा 'मी चुकले' ही अकर्मक रचना. येथे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगवचनपुरुषाप्रमाणे बदलते. चूक ही बोलणाऱ्याच्या अंगालाच चिकटलेली असते. 'मी चूक केली' येथे क्रियापद 'चूक' या कर्माशी जुळते. कर्ता उपस्थित आहे, पण क्रियापदावर त्याची मुद्रा नाही. पुरुष बोलो वा स्त्री बोलो, 'केली' हे रूप तेच राहते. 'माझे चुकले' यात कर्ता षष्ठीत जाऊन चुकीचा मालक होतो. 'माझ्याकडून चूक झाली' यात तो केवळ मार्ग उरतो. चूक त्याच्याकडून आली, त्याने ती आणली असे नाही. 'चूक झाली' यात तोही उरत नाही. भांडण मिटवावयाचे असते तेव्हा मराठी माणूस 'चुकलो' म्हणतो आणि भांडण खरोखर मिटते. 'चूक झाली' म्हटल्याने ते मिटत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. शास्त्रीय गद्य नेमके याच्या उलट वागते. पाच रचनांतील शेवटची त्याला सर्वांत प्रिय, आणि पहिली जवळजवळ निषिद्ध.

कर्मणी रचनेत कर्ता झाकला जातो म्हणून तिला दोष देणे मात्र योग्य होणार नाही. त्याचा पुरावा कर्जत तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागाच्या डाव्या अंगास, एका भग्न प्रचंड मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक लहानसा प्राकृत लेख कोरलेला आहे. कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. त्यातील 'बलकेन कतं' हा अंश भाषाभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. कर्ता तृतीयेत आणि क्रियापदाच्या जागी भूतकालवाचक कृदन्त, अशी ही रचना. 'बलकाने केले' हे मराठी वाक्य याच रचनेचे वंशज होय. मराठीतील 'ने' या प्रत्ययाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, रचनेच्या वारशाविषयी नाहीत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात काम करणाऱ्याने याच कर्मणी रचनेत आपले नाव आणि गुरूचे नावही नोंदवून ठेवले. रचना कर्त्याला लपवीत नाही. लपवायचे की सांगायचे हे लिहिणारा ठरवतो. जुन्या मराठीत तर प्रथम पुरुषी एकवचनासाठी 'म्यां' असे स्पष्ट तृतीयान्त रूप होते. प्रमाण मराठीने ते टाकले. पण म्हणून 'मी'ही टाकावा असे नव्हे.

कोंडाण्याच्या लेखाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. शिलालेखांचे वाचन छापताना पुरालेखविद्येने एक शिस्त घालून घेतली आहे. झिजलेले वा संदिग्ध अक्षर चौकोनी कंसात, कोरक्याची चूक दुरुस्त करून सुचविलेले अक्षर गोल कंसात, आणि पूर्वीच्या वाचकाने काय वाचले होते ते तळटीपेत. पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांची एकोणिसाव्या शतकातील पहिली वाचने पुष्कळ ठिकाणी सदोष होती. पुढे भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांच्यासारख्यांनी ती नव्याने केली, आणि १८८१ मध्ये त्या दोघांचा लेणीलेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. या परंपरेत संशय हा त्या त्या अक्षरावरच नोंदविला जातो. वाचकाला तो शोधण्यासाठी दुसऱ्या खंडाकडे धाव घ्यावी लागत नाही. बोलींच्या नोंदींना ही शिस्त लाभली नाही.

या मुलखाची पहिली विस्तृत छापील नोंद कॅम्बेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडते. पण कोणत्या खंडात? आजचा अभ्यासक रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, असे समीकरण मनाशी धरून १८८३ चा अकरावा, म्हणजे कुलाब्याचा खंड उघडतो. त्यात कर्जत नाही. कर्जत तालुका, आणि तेव्हा त्याचाच पेटा असलेले खालापूर, हे त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. त्यांचे वर्णन १८८२ च्या तेराव्या खंडात आहे. कर्जत १८९१ मध्ये कुलाब्याला जोडले गेले, आणि कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ मध्ये झाले. म्हणून १८८३ च्या कुलाबा खंडातील एखादे विधान 'रायगड जिल्ह्याविषयी' म्हणून उद्धृत करणाऱ्याने ते अजाणता कर्जत-खालापूरलाही लावलेले असते. उलटपक्षी ठाण्याचे १८८२ चे आकडे आणि त्यानंतरच्या कोणत्याही गणनेचे ठाण्याचे आकडे शेजारी मांडून वाढ वा घट काढणारा, दोन निराळ्या भूप्रदेशांची तुलना करीत असतो. १९६४ च्या सुधारित कुलाबा गॅझेटिअरमध्ये कर्जत आणि खालापूर आहेत. त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांना एकाच ग्रंथाची जुनी-नवी रूपे मानणे हाच मुळी प्रमाद आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातही एक कर्जत आहे, ही गोष्ट तर शाळकरी मुलालाही ठाऊक. तरी जिल्ह्याचे नाव न देता 'कर्जत तालुक्यातील बोली' असे शीर्षक देण्याचा मोह सुटत नाही.

या चुकांत कोणाचाही दुष्ट हेतू नाही. सीमा बदलली आणि छापील पान बदलले नाही, एवढेच घडले. परंतु शुद्धिपत्राच्या चार रकान्यांत अशा चुकीला जागाच नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १८८२ चे पान छापले गेले तेव्हा ते अशुद्ध नव्हते. ते नंतर चुकीचे झाले.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीला वाहिलेल्या या खंडाची सिद्धता नॉर्वेचे विद्वान स्टेन कोनो यांनी केली. मराठी बोलींच्या अभ्यासाचा पाया येथे घातला गेला, हे निर्विवाद. त्या पायावर नंतरच्यांनी किती तपासून बांधकाम केले हा वेगळा प्रश्न. सर्वेक्षणाची पद्धत सर्वश्रुत आहे. प्रथम जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडून भाषांच्या याद्या मागविल्या गेल्या. मग त्यांच्यामार्फतच नमुने गोळा झाले. याद्या अधिकाऱ्यांच्या असल्याने बोलींची नावे बहुधा जातींची नावे झाली : आगरी, कोळी, कुणबी, ठाकरी, कातकरी. एका जातीची एक बोली, हे गृहीतक कोणी सिद्ध केले नव्हते. ते यादीच्या रकान्यातून आत आले. कोनो यांना त्याची जाणीव होती असे दिसते, कारण कोकणातील यांपैकी बऱ्याच बोली परस्परांपासून थोड्याच भिन्न आहेत असे त्यांचे विवेचन सांगते. पण शीर्षके तीच राहिली. पुढील अभ्यासकांनी विवेचन सोडले आणि शीर्षके उचलली.

नमुन्यासाठी निवडलेली गोष्ट बायबलातील उधळ्या पुत्राची. तीत तिन्ही पुरुषवाचक सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात, हे तिच्या निवडीचे कारण. याच गोष्टीत एका चुकीच्या कबुलीचे वाक्य दोनदा येते. घर सोडून गेलेला मुलगा परतण्यापूर्वी ते मनाशी जुळवितो आणि बापासमोर ते म्हणतो. म्हणजे ज्या ज्या बोलीचा पूर्ण नमुना छापला आहे, त्या त्या बोलीत माणूस आपला अपराध कसा सांगतो याचा पुरावा सर्वेक्षणाने नकळत जमवून ठेवला आहे. त्या वाक्यांचा कर्त्याच्या दृष्टीने तौलनिक अभ्यास होण्यास हरकत नाही. एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल एवढा तो विषय आहे. मात्र त्यासाठी आधी एक शंका फेडली पाहिजे : त्या नमुन्यातील शब्द ठाकराचे वा कातकऱ्याचे किती, आणि लिहून घेणाऱ्या कारकुनाचे किती?

ही शंका बोलीविज्ञानाच्या मुळाशी जाते. कोकणातल्या अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. 'पानी' म्हणणाऱ्याकडून ऐकून 'पाणी' लिहिणारा साक्षर माणूस आपण चूक दुरुस्त करीत आहोत असे प्रामाणिकपणे मानतो. त्याने शुद्ध केले. आणि शुद्ध केल्यामुळेच नोंद खोटी झाली. अशा प्रसंगी शुद्धिपत्रातील रकान्यांची अदलाबदल करावी लागेल, कारण 'अशुद्ध' रकान्यातील रूप हेच खरे आहे. सर्वेक्षणाच्या काळी, निदान जिल्ह्याच्या कचेरीत, आवाज साठवून ठेवण्याचे साधन नव्हते. म्हणून नमुन्यावरून हात फिरविणारा कोण, हे छापले जाणे अगत्याचे होते. नमुन्याच्या माथ्यावर जिल्ह्याचे नाव आहे. बोलणाऱ्याचे गाव, वय, त्याचा वावर यांचा पत्ता नाही.

ग्रियर्सन यांच्या श्रेयाची एक बाजू येथे सांगितलीच पाहिजे. सर्वेक्षणाचा पहिला खंड सर्वांत शेवटच्या काळात, म्हणजे १९२७ मध्ये आला. त्याच्या पहिल्या भागाला त्यांनी मोठ्या आणि लहान अशा दोन पुरवण्या जोडल्या, आणि आधीच्या खंडांतील उणिवा व चुका त्यांत दुरुस्त केल्या. हा संशोधकाच्या सचोटीचा पुरावा आहे. आपल्या हयातीत, आपल्या नावाने, आपल्याच ग्रंथाला दुरुस्त्या जोडणारे संपादक मराठीतही मोजकेच निघतील. परंतु सातवा खंड १९०५ चा आणि पुरवणी १९२७ ची. मधल्या बावीस वर्षांत ज्याने सातवा खंड वाचला त्याच्यापर्यंत ती पुरवणी पोचण्याचा मार्ग नव्हता. त्यानंतरही तो फारसा खुला झाला नाही. १९६७-६८ च्या सुमारास दिल्लीहून या ग्रंथमालेचे जे पुनर्मुद्रण झाले ते छायाचित्रित होते; दुरुस्त्या त्या त्या पानावर नेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. आज हीच पाने संगणकावर सुटी सुटी मिळतात, आणि सुटे पान पाहणाऱ्याला पहिल्या खंडात काही पुरवणी असेल अशी शंका येण्याचे कारण नाही. चुकीच्या पानाला पाय फुटतात आणि दुरुस्तीचे पान जागच्या जागी राहते.

ठाकरांच्या नावाचे प्रकरण या सर्वांहून गंभीर आहे. कर्जत-खालापुरात ही जमात स्वतःला 'ठाकर' म्हणवते. इंग्रजी कागदपत्रांत मात्र 'ठाकूर' हे रूप रूढ झाले. बोर घाटात पळसदरी आणि खंडाळा यांच्यामध्ये रेल्वेचे एक ठाणे आहे. त्याचे नाव ठाकूरवाडी. आसपासच्या डोंगरात वाड्यांची नावे ठाकरवाडी म्हणून उच्चारली जातात. ही रेल्वेची एकट्याची तऱ्हा नव्हे. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या इंग्रजी कागदांत खोपोलीचे 'कॅम्पूली' झाले होते. पण त्या नावाने कोणाचे नुकसान केले नाही आणि ते यथावकाश लोपले. 'ठाकूर'चे तसे झाले नाही, कारण 'ठाकूर' हा मराठीत दुसऱ्याच अर्थाने नांदणारा शब्द आहे. तो मान्यवरांचा किताब आहे आणि अनेक उच्चवर्णीय घराण्यांचे आडनावही. ठाकर या नावाला ज्याने प्रथम 'ठाकूर' लिहिले, त्यालाही बहुधा आपण एका ग्राम्य उच्चाराचे शुद्ध रूप देत आहोत असेच वाटले असावे. लक्ष्मण नारायण चापेकर यांचा या जमातीवरील इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये निघाला. सह्याद्रीतील या लोकांच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे. पण शीर्षकात त्यांनाही 'ठाकूर' हेच रूप स्वीकारावे लागले.

अनुसूचित जमातींच्या यादीत ही नोंद 'ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर' अशी आहे. यादी करणाऱ्याने सर्व रूपे एकत्र ठेवून सावधगिरी बाळगली, असे वरवर वाटते. १९७६ पूर्वी या नोंदीला प्रदेशाची मर्यादा होती. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील ज्या तालुक्यांत ती लागू होती त्यांत कर्जत व खालापूर यांची नावे होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने प्रादेशिक मर्यादा काढली. ती काढणे न्यायाचे होते, कारण डोंगर उतरून दुसऱ्या तालुक्यात मजुरीला गेलेला ठाकर तेथे गेल्याने ठाकर राहत नाही असे म्हणणे हास्यास्पद होते. पण प्रदेशाची खूण गेल्यावर नावावरच भार पडला, आणि नाव तर समान. मग खरा ठाकर कोणता, हे ओळखण्यासाठी अन्य लक्षणांचा शोध सुरू झाला.

१९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जातदाखल्यांच्या पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. तीत दक्षता पथकाने अर्जदाराच्या जमातीची वैशिष्ट्ये, दैवते, विधी, चालीरीती, विवाह व अंत्यसंस्काराच्या पद्धती यांची चौकशी करावी असे म्हटले. यालाच पुढे आप्तभाव-चाचणी असे नाव पडले. अशा चौकशीत बोलीविषयीही प्रश्न येतात, आणि उत्तरे ताडून पाहावयाची ती छापील वर्णनांशी. येथे गॅझेटिअर आणि सर्वेक्षण ग्रंथालयाच्या कपाटातून निघून एका विद्यार्थ्याच्या प्रवेशअर्जाच्या टेबलावर येतात. एकोणिसाव्या शतकात कोणी अधिकाऱ्याने जे ऐकले वा ऐकल्यासारखे लिहिले, ते ज्याला सांगता येत नाही तो ठाकर नव्हे, असा निष्कर्ष निघू शकतो. ज्याचा बाप खोपोलीच्या कारखान्यात आला आणि जो स्वतः शाळेत प्रमाण मराठी शिकला, त्याने आपल्या आज्याच्या बोलीतील शब्द विसरणे स्वाभाविक आहे. आणि मूळ नोंदीतील शब्द आज्याचाही नसेल, कारकुनाचा असेल, तर त्या मुलाने काय करावे?

न्यायालयाने आपली भूमिका टप्प्याटप्प्याने स्पष्ट केली, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. आधीच्या निकालांत या चाचणीला किती वजन द्यावे याविषयी एकवाक्यता नव्हती. म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, आणि महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ मार्च २०२३ रोजी निर्णय दिला : आप्तभाव-चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे; प्रत्येक प्रकरणी ती आवश्यकही नाही; स्थलांतर आणि आधुनिकीकरण यांमुळे पारंपरिक लक्षणे बदलू शकतात. या निर्णयात पूर्वीचे निकाल नावानिशी घेतले आहेत, त्यांतील विसंगती कोठे आहे ते दाखविले आहे, आणि मग मत दिले आहे. दुरुस्ती कशी लिहावी याचा नमुना म्हणून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो वाचावा.

कायद्याला एक अडचण आहे ती मात्र शास्त्राला नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतील अक्षर चुकले आहे असे कोणाला वाटले, तरी न्यायालय ते बदलू शकत नाही. यादी आहे तशीच वाचावयाची आणि बदल संसदेनेच करावयाचा, हे तत्त्व २००० मधील मिलिंद प्रकरणात ठामपणे मांडले गेले. यादीतील 'धनगड' हे 'धनगर' या शब्दाचेच चुकीचे रूप आहे, असा दावा करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळल्या. त्या दाव्याच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एका व्यंजनाच्या लेखनावर लाखो लोकांच्या मागणीचा भार पडावा, यावरून नाव टिपून घेणाऱ्याच्या कानाची आणि लेखणीची जोखीम किती मोठी असते हे दिसते. कायद्याला दुरुस्तीसाठी संसद लागते. विद्यापीठाच्या अभ्यासकाला केवळ एक प्रामाणिक टीप लागते. तरी टिपांची संख्या कायद्यांहून कमीच.

कातकऱ्यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही, याचे कारण कातकऱ्यांविषयी फार लिहिले गेलेले नाही. वेलिंग यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ चा. खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून जमातीचे नाव पडले, ही व्युत्पत्ती प्रत्येक पुस्तकात आहे. तो धंदा उरलेला नाही, वीटभट्टी व कोळसाभट्टी यांनी त्याची जागा घेतली, ही गोष्ट त्याच पुस्तकांत पुढच्या वाक्यात हवी होती. नावाची व्युत्पत्ती हे जमातीचे वर्णन नव्हे.

अलीकडच्या कामाची दिशा निराळी आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीत निघाला. त्यात बोलींविषयी लिहिणाऱ्यांत त्या त्या समाजाशी जवळीक असलेली माणसे आहेत, ही ग्रियर्सनच्या काळापासूनची मोठी प्रगती. पण अशा लेखांत आत्मीयता पुष्कळ आणि पुराव्याची नोंद थोडी, असेही ठिकठिकाणी आढळते. आपलेपणाने सांगितलेली माहिती चुकीची असू शकत नाही, असे मानण्याचा धोका त्यात आहे. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने चालविलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण या बाबतीत अधिक काटेकोर म्हणावे लागेल. त्यात गावोगावच्या भाषकांचे ध्वनिमुद्रण आहे, आणि रूप कोणत्या गावी मिळाले हे कळते. ध्वनिमुद्रण असल्याने लिप्यंतरातील चूक दुसऱ्याला पकडता येते. १९०५ च्या नमुन्याबाबत ती सोय नाही. तो बरोबर आहे असेही सिद्ध करता येत नाही आणि चूक आहे असेही.

म्हणून जुनी नोंद वगळणे हा उपाय नव्हे. चुकीची म्हणून ती गाळली, तर तिच्यावर रचलेली पुढची विधाने निराधार लटकत राहतात, आणि ती कोठून आली हे शोधण्याचा धागा तुटतो. मराठी व्यापाऱ्याच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चुकीची रक्कम तशीच राही, आणि पुढे जमाखर्चाची उलट नोंद करून ती फेडली जाई. हिशेबाच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' अशी अक्षरे येत. चूक आणि भूल ही द्यावयाची आणि घ्यावयाची गोष्ट आहे, दोन्ही पक्षांवर तिचे देणे आहे, असा व्यवहारी अर्थ त्यात होता. विद्वानांनी ही अक्षरे पत्राच्या शेवटी शिष्टाचार म्हणून उचलली आणि उलट नोंदीची पद्धत मात्र वाण्याकडेच ठेवली.

कर्जत-खालापूरच्या बोलींवर यापुढे प्रबंध लिहिणाऱ्याला याच पद्धतीने आरंभ करता येईल. पहिल्या प्रकरणात पूर्वसूरींचा गौरव करण्याऐवजी तीन गोष्टी नोंदवाव्यात : १८८२ च्या ठाणे खंडातील कोणते विधान १८८३ च्या कुलाबा खंडाच्या नावावर खपले; १९०५ च्या नमुन्यातील कोणती रूपे आज गावात ऐकू येत नाहीत, आणि ती कधी ऐकू येत होती याचा अन्य पुरावा आहे काय; आणि 'ठाकूर' हे रूप कोणत्या कागदातून कोणत्या कागदात गेले. या नोंदींतील वाक्ये लिहिताना 'चुकीचा समज रूढ झाला' अशी रचना टाळून, तो समज कोणी, कोठे, कोणत्या पृष्ठावर मांडला हे कर्त्यासह लिहावे. त्याच प्रबंधकाराने दोन वर्षांपूर्वी एखाद्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात स्वतःच यांपैकी एक चूक केली असेल, तर तीही त्याच यादीत, त्याच रचनेत घ्यावी. बलकाने आपल्या कामाखाली नाव कोरले तेव्हा ते काम साधले की फसले हे पुढचे लोक ठरविणार होते; मूर्ती भग्न झाली, नाव वाचता येते.